ढेऱ्याची गूळतुला

‘मनकर्णाबाईच्या दारात यम उभा राह्यला, तं त्यालेही म्हणतीन, बाप्पा, अजून अंग भरलं नाही, पुढच्या साली ये,’ असे सौंसरच्या मारुतीगल्लीत लोक म्हणत. एरवी हे कौतुकाने म्हटले जाई. पण चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास कौतुक आटले आणि त्या वाक्यातल्या यमाच्या जागी खुद्द मारुतीराय आले. ही बाई देवालाही तारखा देते, असे उघड बोलले जाऊ लागले; आणि या बोलण्याचे कारण त्यांच्या परसात, पेरूच्या सावलीला, चारही पाय पसरून घोरत पडलेले असे.

मनकर्णाबाई घागरे यांचा मूळ स्वभावच असा, की कच्चे काही करायचे नाही. लोणच्याची बरणी त्यांच्या मताप्रमाणे मुरेपर्यंत कोणी पाहुणा आला तरी उघडत नसे. थोरल्या मुलीसाठी लोधीखेड्याचे चांगले स्थळ चालून आले, तेव्हा मुलगी अजून मॅट्रिक व्हायची आहे, असे सांगून त्यांनी वरपक्षाला परत पाठवले. सगळ्यांनी कपाळाला हात लावला. पण मुलगी मॅट्रिक झाली, तेव्हा तेच स्थळ नारळ घेऊन पुन्हा दारात उभे होते. जग आपल्यासाठी थांबते, हा अनुभव त्यांना असा वारंवार आला होता. रामाकोन्याला माहेरी जाताना त्या घराला कुलूप लावून, ते तीनदा ओढून पाहून, मग पदर सावरत स्टँडवर पोचत, आणि छिंदवाड्याची बस कशी कोण जाणे, तोवर सुटलेली नसे.

त्यांचे यजमान नत्थूजी याच्या अगदी उलट. ते मंडीत तुलावटी होते. शेतकऱ्याने आणलेला माल काट्यावर तोलायचा आणि दोन्ही पारडी समोरासमोर आली की मोठ्याने ‘बराबर’ म्हणायचे, एवढेच त्यांचे काम. पण त्या एका शब्दावर माल घेणारा आणि देणारा, दोघेही मान डोलावत. दांडीवरचा काटा पूर्ण निश्चल झाल्याशिवाय नत्थूजींच्या तोंडून तो शब्द निघत नसे. वारा असला तर ते वारा थांबण्याची वाट पाहत आणि आडत्याने घाई केली तर त्याच्याकडे बघतसुद्धा नसत. अंगाने काटकुळे, बोलण्यात तुटपुंजे. घरी आल्यावरही दिवसभराचे शब्द मोजून संपल्यासारखे गप्प बसत.

अशा या घरात डुक्कर आले ते मनकर्णाबाईंच्या भाच्यामुळे. विजय संत्र्यांचा ट्रक चालवी. इकडून संत्री भरून कलकत्त्याकडे न्यायची आणि परतताना रिकामी खोकी व धानाचे तणस घेऊन यायचे. एका हिवाळ्यात मावशीच्या दारी त्याने ट्रक थांबवला, तेव्हा एका खोक्यातल्या तणसात मूठभर काळे काहीतरी थरथरत होते. खोक्यात ते कुठे चढले, हे त्याला ठाऊक नव्हते. कलकत्त्याच्या पुढे, एका थांब्यावर, चहावाल्याने मात्र त्याविषयी बरीच माहिती दिली होती.

“मावशी, हे आपल्याकडचं डुक्कर नोहे. ही जातच बुटकी. मांजरीएवढं होते अन् थांबते. तिकडं लोक घरात पाळून राहिले.”

चहावाल्याची भाषा विजयला येत नव्हती आणि विजयची चहावाल्याला, ही गोष्ट पुढे फार उशिरा बाहेर आली. त्या क्षणी मनकर्णाबाईंनी फक्त एवढेच पाहिले, की त्या जिवाचे पोट जमिनीला टेकलेले आहे, डोळे मिटलेले आहेत आणि ते थंडीने मरायला टेकले आहे. कच्चे काही करायचे नाही, या नियमात इतक्या कच्च्या वयात मरणेही बसत नव्हते. त्यांनी ते पदरात घेतले आणि चुलीजवळ तणसाची गादी केली.

पिल्लू दूध घेईना. शेळीचे कोमट दूध कापसाच्या वातीने त्याच्या ओठाशी लावले तरी वात तशीच ओघळून कोरडी होई. दोन दिवस असे गेल्यावर मनकर्णाबाईंनी मारुतीच्या देवळाकडच्या भिंतीला तोंड करून हात जोडले आणि म्हटले, “मारुतीराया, हा वाचला तं तुह्या दारी गुळानं तोलीन.”

नवस मनात बोलला असता तर पुढचे सारे टळले असते. पण त्याच वेळी शेजारच्या उर्मिलाबाई विरजण मागायला दारात उभ्या होत्या. उर्मिलाबाई हेडमास्तरांच्या पत्नी. त्यांच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गल्लीभर होत असे. संध्याकाळी पिल्लाने वात चोखली आणि त्याच सुमारास गल्लीने नवस ऐकला.

आता खरे तर येत्या शनिवारीच दोन भेल्या गूळ घेऊन हा मामला मिटवता आला असता. पिल्लू वजनाने पितळी तांब्याएवढे होते. नत्थूजींनी तसे सुचवलेही. परंतु मनकर्णाबाईंच्या सचोटीला ते पटेना. ज्याची बरगडी न बरगडी मोजता येते असा हाडांचा सापळा पारड्यात ठेवायचा आणि देवाला म्हणायचे, की घे तुझा गूळ; ही त्यांच्या लेखी निव्वळ फसवणूक होती. लेकराचे जावळ काढतानाही लोक वर्षभर थांबतात. जरा अंग भरू द्या, मग तोलू. शिवाय मांजरीएवढेच व्हायचे आहे. मांजरीएवढा गूळ काही देवाला जड नाही आणि आपल्यालाही नाही.

होळीपर्यंत ते मांजरीएवढे झाले. मनकर्णाबाईंनी चैत्रातला एक शनिवार मनाशी ठरवला. पण त्या शनिवारी त्यांना वाटले, की अजून मानेजवळ थोडे हडकुळेच दिसते. पावसाळ्यात ते कुत्र्याएवढे झाले. पावसाळ्यात गूळ पाझरतो. पाझरलेला गूळ देवाला कसा द्यायचा? दिवाळीला ते कुत्र्याच्याही पुढे गेले आणि आता त्याला कशाची उपमा द्यावी, हे गल्लीला कळेनासे झाले. एवढे मात्र खरे, की जात बुटकीच होती. पाय जेवढेच्या तेवढे राहिले आणि जे काही वाढायचे ते सारे पोटात वाढले. चालताना पोट अंगणावरून फिरे आणि मागे सारवणावर एक पट्टा उमटे. मनकर्णाबाईंनी त्याचे नाव ढेऱ्या ठेवले.

या नावाने एक वेगळाच पेच उभा केला. समोरच्या घरात मुकुंदराव राहत. ते निवृत्त पटवारी, गल्लीचे ज्येष्ठ आणि देवळाची व्यवस्था पाहणारे. त्यांचेही पोट नोकरीच्या काळापासून पुढे पुढेच येत गेले होते. सकाळी ओट्यावर पेपर वाचत बसले, की समोरून हाक येई, “ढेऱ्या, ऊठ न बापा, ऊन डोक्यावर आलं.” मुकुंदराव पेपर खाली करत, चष्म्यावरून पाहत, आणि पुन्हा पेपर वर करत. दर वेळी ते हेच करत. कारण न जाणो, एखादे वेळी हाक खरोखरच आपल्याला असायची.

गावात डुकरे नव्हती असे नाही. नाल्याच्या काठाने ती वाटेल तशी हिंडत. पण ती गावाची होती, घराची नव्हती, आणि हा फरक गल्लीच्या दृष्टीने फार मोठा होता. घागऱ्यांच्या घरी डुक्कर माजघराच्या उंबऱ्यावर हनुवटी टेकून बसे. नत्थूजींच्या खाटेखाली पोते टाकले होते, त्यावर झोपे. त्याची राहणी पाहणाऱ्याने पाहिली असती तर नाव ठेवायला जागा नव्हती. शौचाला तो परसाच्या एका ठरलेल्या कोपऱ्यात जाई आणि तिथून परतताना उंबऱ्यापाशी थांबून हाक येण्याची वाट पाही. पण पाहायला कोण जाणार? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निम्म्याच बायका आल्या आणि आलेल्यांनी वाण घेऊन दारातूनच काढता पाय घेतला. पुढे एकदा ढेऱ्या कुंपणाखालून घुसला आणि उर्मिलाबाईंनी वड्यांसाठी लावलेला धोप्याचा, म्हणजे अळूचा, अख्खा वाफा मुळासकट उकरून, पाने तशीच सोडून, खालचे कंद तेवढे खाऊन आला. मनकर्णाबाई भरपाई म्हणून स्वतःच्या परसातला धोपा घेऊन गेल्या. उर्मिलाबाईंनी तो घेतला नाही. त्या म्हणाल्या, की ज्या घरात देवाचे देणे राहिले आहे, तिथली भाजी आमच्या घरात शिजणार नाही.

हे बोलणे मनकर्णाबाईंना लागले, पण त्याहून ते नत्थूजींना लागले. कारण तेच आता मंडीतही पोचले होते. कापसाची गाडी काट्याला लावता लावता एखादा शेतकरी हसत म्हणे, “नत्थूजी, आधी घरचा माल तोला, मग आमचा.” नत्थूजी काट्याकडे बघत तोलत राहत. पण एके दिवशी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने न हसता विचारले, की ज्याच्या घरी देवाचाच तोल बाकी आहे, त्याच्या हातचा तोल आम्ही खरा कसा धरावा? आणि त्याने आपली गाडी दुसऱ्या तुलावट्याकडे वळवली. त्या दिवशी घरी येऊन नत्थूजी जेवले नाहीत. ढेऱ्या नेहमीप्रमाणे त्यांच्या धोतराला हुंगत आला, कारण ओच्यात मंडीतली निवडून टाकलेली संत्री असत. त्या दिवशीही होती. नत्थूजींनी ती त्याच्यापुढे ठेवली आणि बायकोला सांगितले, की याला आता या घरात ठेवता येणार नाही.

लगेचच्या एकादशीला मुकुंदरावांनी देवळाच्या पारावर गल्लीची बैठक बोलावली. डुक्कर घरातून काढावे, यावर दुमत नव्हते. विजयच्या ट्रकात घालून ते जिथून आले तिकडे धाडून द्यावे, असेही ठरले. नत्थूजींनीही होकाराची मान हलवली. तेव्हा बायकांच्या बाजूने मनकर्णाबाई उठल्या. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती, पण धर्माची बाजू त्यांना ठाऊक होती.

“धाडा न जी. मी नाही म्हणून नाही राहिली. पण ते देवाले बोललेलं आहे. नवस फेडल्याबिगर बोललेली वस्तू घरातून काढाची कशी, तेवढं मुकुंदरावांनी सांगावं.”

नवसाची कोंबडीसुद्धा कोणी विकत नाही. हे तर चांगले पोसलेले जनावर होते. उद्या ट्रक घाटात उलटला तर दोष कोणाच्या माथी? मुकुंदरावांनी पोटावरून हात फिरवला आणि निर्णय दिला. येत्या चैत्रात, हनुमान जयंतीनंतरच्या शनिवारी, देवळासमोरच्या कडुनिंबाखाली तुला व्हावी. त्या दुपारी विजयचा ट्रक निघतो. तुला होताच ढेऱ्या ट्रकात. मनकर्णाबाईंना दिवस मिळवायचे होते. मिळाले, पण त्या दिवसांच्या शेवटी पहिल्यांदाच पक्की तारीख लागली होती, आणि ती त्यांनी दिलेली नव्हती.

नत्थूजींनी एक सोपा मार्ग सुचवला. मंडीतल्या जमिनीवरच्या काट्यावर ढेऱ्याला उभे करू, जे वजन भरेल तेवढा गूळ दुसऱ्या दिवशी देवापुढे ठेवू. मुकुंदरावांनी तो तिथल्या तिथे फेटाळला. त्यांना संशय होता, की असे गुपचूप काही केले तर ही बाई पुढे म्हणेल, तुला झालीच नाही. ते ठणकावून म्हणाले, की तुला म्हणजे तुला. एका पारड्यात जीव, दुसऱ्यात गूळ, दोन्ही समोरासमोर, देवाच्या आणि माणसांच्या डोळ्यांदेखत. अन्य प्रकाराला हा देव तुला मानणार नाही, हे त्यांनी सगळ्यांकडून कबूल करून घेतले. आणि तुलेला बसणाऱ्याने आदल्या दिवसापासून उपास धरावा, हा शास्त्रार्थही त्यांनीच काढला. माणसाला जो नियम, तो जनावराला का नको?

मनकर्णाबाईंनी दोन्ही गोष्टी ऐकल्या. उपासाविषयी एखादा शब्द बोलावा, असे त्यांच्या मनात येऊन गेले. परंतु मुकुंदरावांसारख्या जाणत्या माणसापुढे बाईमाणसाने काय बोलावे?

शुक्रवारी ढेऱ्याला काही दिले नाही. तो दिवसभर मनकर्णाबाईंच्या पायापायात हिंडला. संध्याकाळी त्याने एक चप्पल खाल्ली, पण ती उपासाला चालते की नाही, हे कोणाला विचारावे, ते त्यांना सुचले नाही. त्यांनी त्याला आंघोळ घातली, गळ्यात घालायला झेंडूची माळ करून ठेवली, आणि वाटेत खायला म्हणून विजयजवळ देण्यासाठी भाकरी थापायला बसल्या. थापता थापता किती झाल्या, याचे भान राहिले नाही. नत्थूजींनी परातीतली चळत पाहिली आणि ते बाहेर जाऊन बसले.

शनिवारी कडुनिंबाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांनी संक्रांतीला उंबरा ओलांडला नव्हता, त्या बायका आज पोरेबाळे घेऊन पुढच्या रांगेत बसल्या होत्या. नत्थूजींनी मंडीतला दांडीचा मोठा तराजू साखळीने फांदीला टांगला होता. रस्त्याच्या कडेला संत्र्याने भरलेला ट्रक उभा होता आणि विजय घड्याळाकडे बघत टायरला टेकला होता. गुळाच्या भेल्या रचून ठेवल्या होत्या. मुकुंदरावांनी नारळ फोडला.

ढेऱ्या पारड्यात चढेल की नाही, ही सगळ्यांना धास्ती होती. पण मनकर्णाबाईंनी त्याचे खाटेखालचे पोते पारड्यात अंथरले, तसा तो आपणहून चढला आणि बसला. लोकांत समाधानाची कुजबुज झाली. पारडे जमिनीला टेकले. दुसरे वर गेले. नत्थूजी एकेक भेली चढवू लागले. भेल्या चढत गेल्या, गुळाचे पारडे हळूहळू खाली येऊ लागले, ढेऱ्याचे पारडे जमीन सोडून वर उचलले गेले. दांडी आडवी होत आली. काटा मध्यावर आला. नत्थूजींनी शब्दासाठी श्वास घेतला.

आणि नेमक्या त्याच क्षणी गूळ ढेऱ्याच्या नाकासमोर आला. त्याने मान पुढे केली आणि वरची भेली उचलली.

गुळाचे पारडे वर उडाले, ढेऱ्याचे धपकन खाली बसले. त्याने भेली खाता खाता वर पाहिले. गूळ हाताबाहेर गेला होता. लोक हसले. चूक कोणाचीच नव्हती. नत्थूजींनी आणखी गूळ चढवला. नत्थूजींचाच हिशेब असा, की जे त्या पारड्यातून गेले ते या पारड्यात आले. म्हणजे खाल्ला त्याच्या दुप्पट चढवायला हवा. तसा चढवला. पारडी पुन्हा समोरासमोर आली, आणि गूळ पुन्हा नाकासमोर आला. जोवर तोल चुकीचा होता तोवर ढेऱ्याला गूळ मिळत नव्हता; तोल बरोबर झाला रे झाला की मिळत होता. ही गोष्ट माणसांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. ढेऱ्याच्या ध्यानात ती आधीच आली होती. आता तो पारडे वर उचलले जाऊ लागताच जिभल्या चाटू लागे.

त्याचे तोंड पलीकडे फिरवून पाहिले. तो पारड्यात गर्रकन फिरला आणि दांडी झोपाळ्यासारखी झुलली. तोंडाला मुसके बांधावे, असे कोणीतरी म्हणाले. मुकुंदरावच म्हणाले, की बांधून घातलेल्याची तुला होत नसते. शेवटी उर्मिलाबाईंनी उपाय काढला. घरातून धूतवस्त्र आणून त्यांनी आणि आणखी एका बाईने ते ढेऱ्या आणि गूळ यांच्यामध्ये अंतरपाटासारखे धरले. मागून कोणी म्हातारी सवयीने मंगलाष्टक पुटपुटू लागली, तिला गप्प केले. पारडी समोर आली. ढेऱ्याने अंतरपाटाखालून नाक घातले.

“कपडा पारड्याले लागून राहिला,” नत्थूजी म्हणाले. “लागलेल्या कपड्यात तोल खरा येत नाही.”

ऊन चढले. गुळाच्या भेल्या संपत आल्या. दुकानातून आणखी मागवल्या, त्याही संपत आल्या. विजयने दोनदा हॉर्न दिला. मुकुंदरावांच्या सदऱ्याची पाठ घामाने भिजली होती. ते नत्थूजींच्या अगदी जवळ गेले आणि खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू येईल असे बोलले.

“नत्थूजी, आता ते पारडं समोर आलं का, झटकन म्हणून टाका ना बराबर. एक शब्दाचं काम आहे. म्हटलं का झालं. देव काय काटा पाहून राहिला?”

सगळी गल्ली नत्थूजींकडे पाहू लागली. या डुकरापायी ज्याची मंडीत शोभा झाली होती, ज्याने स्वतः ते काढायचे ठरवले होते, तो हाच माणूस. त्याने एक शब्द टाकला की सुटला. मनकर्णाबाईंनीही नवऱ्याकडे पाहिले. त्यांनी हात जोडले नाहीत, डोळ्यांत पाणी आणले नाही. संसारात कधी आणले नव्हते. भाकरीचे गाठोडे त्यांच्या मांडीवर होते आणि त्यांनी फक्त त्याची गाठ घट्ट धरली होती.

नत्थूजींनी राहिलेल्या भेल्या चढवल्या. पारडे उतरत आले. दांडी आडवी झाली. ढेऱ्याने मान लांब केली. काटा मध्यावर होता, पण मध्यावर थांबला नव्हता; इकडे तिकडे केसभर थरथरत होता.

“म्हणा,” मुकुंदराव म्हणाले.

नत्थूजी काट्याकडे पाहत राहिले.

“म्हणा न जी.”

“काटा हालून राहिला,” नत्थूजी म्हणाले.

तोवर ढेऱ्याने भेली उचलली होती.

पुढे फारसे काही उरले नाही. गूळ संपला. विजयचा माल नाशवंत होता, त्याला थांबता येत नव्हते. तो भाकरीचे गाठोडे मात्र घेऊन गेला. ढेऱ्या पारड्यातच पोत्यावर आडवा होऊन झोपला आणि पोट भरल्यावर त्याला उचलणे कोणाच्या आवाक्यातले राहिले नाही. उन्हे कलल्यावर तो आपला आपण उठला आणि माळ गळ्यात तशीच घेऊन घरी चालत गेला. मागून मनकर्णाबाई, त्यांच्या मागे खांद्यावर दांडी घेतलेले नत्थूजी. घरी आल्यावर चहा पिताना नत्थूजींनी एवढेच विचारले, की काल याला खरेच काही खाऊ घातले नव्हते का. मुकुंदरावांनीच तसे सांगितले होते, असे मनकर्णाबाई म्हणाल्या. नत्थूजींनी हसू दाबत भिंतीकडे तोंड फिरवले. त्यांचे खांदे बराच वेळ हालत होते.

सोमवारी मंडीत ते मान खाली घालून गेले. पण बातमी त्यांच्या आधी पोचली होती आणि ती वेगळ्याच रूपात पोचली होती. देवाच्या दारी, सारी गल्ली मागे लागलेली, स्वतःचे काम होत असताना ज्याने हालत्या काट्यावर ‘बराबर’ म्हटले नाही, तो आपल्या कापसावर काय म्हणणार? गाड्या त्यांच्या काट्यापुढे लागल्या. तो म्हातारा शेतकरीही आला. तो मागच्या खेपेविषयी काही बोलला नाही, फक्त आपली पाळी येईपर्यंत उन्हात उभा राहिला.

गल्लीची मात्र पंचाईत झाली. नवस फिटेपर्यंत ढेऱ्याला हलवता येत नव्हते आणि ढेऱ्या असेपर्यंत नवस फिटण्याची चिन्हे नव्हती. जमिनीवरच्या काट्याचा विषय मुकुंदरावांनी एकदा चाचपून पाहिला. पण तसल्या प्रकाराला हा देव तुला मानत नाही, हे त्यांनीच चारचौघांत कबूल करून घेतलेले, चारचौघांच्या चांगले ध्यानात होते. मग दर चैत्रात तुलेचा विषय निघे, आणि पारड्याला ढेऱ्या आधीच्या वर्षापेक्षा अधिक जड झालेला असे. पुढच्या संक्रांतीला बायका हळदीकुंकवाला आल्या. आल्या त्या बऱ्याच अंशी तुलेची हकीकत मनकर्णाबाईंच्या तोंडून ऐकायला; परंतु आल्या, बसल्या, आणि उंबऱ्यावर हनुवटी टेकलेल्या त्या प्राण्याला ओलांडून आत पाणीही प्यायल्या.

उर्मिलाबाईंच्या मनातला धोपा मात्र कायम होता. अशाच एका सकाळी सार्वजनिक नळावर, चार घागरी रांगेत असताना, त्यांनी सगळ्यांच्या वतीने विचारले, की मनकर्णाबाई, आता खरं सांगा, देवाचं हे देणं फेडायचं तुमच्या मनात तरी आहे का? देव किती दिवस वाट पाहील?

मनकर्णाबाईंनी आपली घागर नळाखालून काढली, चुंबळ डोक्यावर नीट बसवली आणि म्हणाल्या, “नवस मी देवाले बोलली, तुमाले नाही. त्याले घाई असती, तं त्या दिवशी त्यानंच डुकराचं तोंड धरलं असतं.”